अंगावर पिणाऱ्या बाळाला व्हिटॅमिन डी: बाटली वाचण्यापासून वर्षाच्या वाढदिवसापर्यंत

सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नको, असं सिस्टर बजावून सांगते. आणि घरी सोडताना तीच सिस्टर ड्रॉप्सची बाटली हातात ठेवते. घरातली आजी साहजिकच विचारते, मग हे कसं चालतं? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नीट मिळालं नाही की बाटली फळीवर जाऊन बसते. ‘फक्त अंगावरचं दूध’ याचा अर्थ दुसरं अन्न नाही, पाणी नाही, मध नाही, गुटी नाही. व्हिटॅमिनचे ड्रॉप्स, क्षार आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध यांना त्यात मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतही ती आहे. ड्रॉप्स दिल्याने अंगावर पाजण्याचा नेम मोडत नाही.

ड्रॉप्स लागतात का, ते आकड्यांत पाहू. आईच्या एक लिटर दुधात व्हिटॅमिन डी साधारण २५ ते ८० युनिट असतं. बाळ दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास पितं, म्हणजे त्याच्या पोटात जेमतेम २० ते ६० युनिट जातात. गरज ४०० युनिटची आहे. दूध कमी असो की भरपूर, पातळ दिसो की घट्ट, हा हिशेब फारसा बदलत नाही. यात आईच्या दुधाला नाव ठेवायचं काही कारण नाही. माणसाचं व्हिटॅमिन डी मुख्यतः कातडीत, उन्हामुळे तयार होतं. दुधातून ते मोठ्या प्रमाणात यावं अशी रचनाच नाही.

पोटात असताना बाळाला थोडा साठा मिळतो. जन्मावेळी बाळाच्या रक्तातली पातळी आईच्या पातळीच्या साधारण अर्धी ते पाऊण असते. हा साठा दर दोन-तीन आठवड्यांनी निम्म्यावर येतो, त्यामुळे दोन महिन्यांत बहुतेक संपतो. आईचीच पातळी कमी असेल तर बाळ पहिल्या दिवसापासून तुटीत असतं. म्हणून भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच ४०० युनिट रोज सुरू करा आणि वर्षभर चालू ठेवा. काळं-गोरं, जाडं-बारीक, मुलगा-मुलगी, सगळ्या बाळांना तेच प्रमाण.

एवढं ऊन असून कोकणात कमतरता कशी?

रत्नागिरी १७ अंश अक्षांशावर आहे, मालवण त्याच्याही खाली. सूर्य इथे वर्षातून दोनदा थेट डोक्यावरून जातो: एकदा मे महिन्याच्या पूर्वार्धात आणि दुसऱ्यांदा ऑगस्टच्या सुरुवातीला. दुसऱ्या वेळी तो ढगांआड असतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मळभ, झड आणि बंद दारं. त्यातल्या जून-जुलैत मासेमारीही बंद असते, त्यामुळे तारली, बांगडा, पेडवे असे तेलकट मासे ताजे मिळत नाहीत. व्हिटॅमिन डी देणारं आपल्या ताटातलं खरं अन्न म्हणजे हेच मासे. म्हणजे पावसाळ्यात ऊन आणि मासळी दोन्ही एकदम जातात.

त्यात बाळंतिणीची खोली. सव्वा महिना माजघरातल्या अंधाऱ्या खोलीत, खिडकी लावलेली, कानाला रुमाल, अंगभर कपडे, शेक आणि धुरी. विश्रांती हवीच, पण या दिवसांत कातडीवर उन्हाचा कवडसाही पडत नाही. एरवीही वाडीतलं काम नारळी-पोफळीच्या, आंब्या-फणसाच्या दाट सावलीत चालतं. बाहेर राबणाऱ्या बाईला ऊन मिळतंच असं धरून चालू नये.

आणि कोवळं ऊन. सकाळी सातच्या उन्हात बाळाला घेऊन ओटीवर बसायची रीत छान आहे. बाळ शेकतं, आईला बरं वाटतं. पण व्हिटॅमिन डी तयार करणारे किरण त्या वेळी जमिनीपर्यंत जवळजवळ पोचत नाहीत. ओळखायची सोपी खूण सावली आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर त्या उन्हातून फारसं काही मिळत नाही, उंचीपेक्षा आखूड झाली की मिळतं. म्हणजे साधारण अकरा ते दोन. त्या उन्हात सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उघडं ठेवायचं नाही. त्याची कातडी भाजते आणि अंगातलं पाणी कमी होतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊनही कामाचं नाही, कारण हवे ते किरण काच अडवते. खोबरेल तेलाच्या मालिशमधून व्हिटॅमिन डी मिळत नाही. मालिश जरूर करा, पण ड्रॉप्सच्या बदल्यात नाही.

आधी बाटली वाचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून घाई करू नका. बाटली दिव्याखाली धरा आणि ‘एका मि.ली.मध्ये किती’ ते शोधा. आकड्यापुढे ‘आययू’ अशी अक्षरं असतात, तेच युनिट. काही बाटल्यांवर मायक्रोग्रॅम लिहिलेलं असतं. १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० युनिट.

आपल्याकडे मुख्यतः दोन ताकदीच्या बाटल्या मिळतात. एका मि.ली.मध्ये ४०० युनिट असतील तर रोज १ मि.ली. द्यायचं. एका मि.ली.मध्ये ८०० युनिट असतील तर रोज अर्धा मि.ली. दोन्ही खोकी सारखीच दिसतात. केमिस्टकडे नेहमीची बाटली नसली की तो दुसऱ्या कंपनीची देतो आणि घरी जुन्याच मापाने देणं चालू राहतं. बाटली बदलली की वाचन पुन्हा पहिल्यापासून.

‘ड्रॉप्स’ या शब्दानेच मोठा घोटाळा होतो. डॉक्टर ‘ड्रॉप्स द्या’ म्हणतात आणि घरी चार थेंब मोजून दिले जातात. एका मि.ली.मध्ये ढोबळमानाने वीस थेंब बसतात. ४०० युनिटच्या बाटलीतले चार थेंब म्हणजे ८० युनिट, पाचवा हिस्सा. महिनोन्‌महिने ‘आम्ही नेमाने देतो’ म्हणणाऱ्या घरातल्या बाळाला मुडदूस, म्हणजे हाडं मऊ पडून वाकण्याचा आजार, झालेला दिसतो, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

याची उलटी चूक जास्त धोक्याची. दुबई, मस्कत किंवा अमेरिकेहून कुणी बाळासाठी बाटली आणतं. परदेशी काही बाटल्यांत एका थेंबातच ४०० युनिट असतात. त्यातलं १ मि.ली. दिलं तर वीस-तीस दिवसांचा डोस एका वेळी जातो. ड्रॉपरने जास्त औषध जाण्याबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० साली पालकांना खास इशारा दिला होता. परदेशी बाटली असेल तर ती डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नका.

बाळाला मल्टिव्हिटॅमिनचे ड्रॉप्सही लिहून दिले असतील तर त्यांच्या लेबलवरही व्हिटॅमिन डी शोधा. बहुतेकांत ते असतंच. दोन्ही मिळून ४०० झाले पाहिजेत, प्रत्येकी ४०० नव्हे. पावडरचं दूध चालू असेल तर तेही मोजणीत घ्या. एक लिटर तयार दुधातून साधारण ४०० युनिट मिळतात. पण लहान बाळ एवढं पीत नाही, त्यामुळे वरचं दूध थोडं असेल तर ड्रॉप्स चालूच ठेवायचे.

मोजायचं आणि पाजायचं

बाटलीसोबत आलेलाच ड्रॉपर वापरा. दुसऱ्या औषधाचा ड्रॉपर किंवा स्वयंपाकघरातला चमचा नको. घरातल्या चहाच्या चमच्यांपैकी कुणात तीन मि.ली. मावतं, कुणात सहा. औषध ओढून घेतल्यावर ड्रॉपर उभा धरा आणि रेघ डोळ्यांच्या समोर आणा. वरून तिरकं पाहिलं की माप चुकतं. आत हवेचा बुडबुडा असेल तर औषध परत बाटलीत सोडून पुन्हा ओढा, कारण बुडबुड्याएवढं औषध कमी जातं. अर्ध्या मि.ली.ची रेघ पुसट असेल तर केमिस्टकडून १ मि.ली.ची बिनसुईची सिरिंज घ्या. तिच्यावरच्या रेघा स्पष्ट असतात आणि ती स्वस्त मिळते.

बाळाला मांडीवर तिरकं, डोकं उंच ठेवून घ्या. सपाट निजवून किंवा रडत असताना द्यायचं नाही. ड्रॉपरचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवा, जिभेच्या मागे घशाकडे नको. पाव मि.ली. सोडा, बाळाने गिळलं की पुढचं. टोक तोंडाला लागलं तर ड्रॉपर उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि मगच बाटलीत घाला. आपल्या दमट हवेत ओला ड्रॉपर तसाच घातला की औषध खराब व्हायला वेळ लागत नाही. बोंडल्यात किंवा वाटीत दुधात मिसळून देऊ नका. दूध उरलं तर औषधही उरतं, आणि तेलकट औषध भांड्याच्या कडांना चिकटून राहतं.

वेळ कोणतीही चालते, फक्त रोज तीच असावी. मालिश आणि आंघोळ झाल्यावर, अंगावर घेण्याच्या आधी दिले तर विसरत नाहीत. भरल्या पोटी दिले तर दुधासोबत बाहेर येतात. थोडंसं ओकलं तर डोस पुन्हा द्यायचा नाही. एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट द्यायचं नाही, नेहमीचा डोस पुढे चालू ठेवायचा. चार-पाच दिवस राहिले तरी तसंच.

बाटली उघडल्याची तारीख खोक्यावर लिहा. बाटलीवर लिहिली तर तेलकट हातांनी चार दिवसांत पुसली जाते. या तारखेवरून डोस बरोबर आहे का तेही कळतं: ४०० युनिटची ३० मि.ली.ची बाटली १ मि.ली. रोजप्रमाणे ३० दिवस पुरते, आणि ८०० युनिटची १५ मि.ली.ची बाटली अर्ध्या मि.ली.ने तेवढेच दिवस. महिन्याने निम्मी बाटली शिल्लक असेल तर कमी जातंय. पंधरा दिवसांत संपली तर जास्त जातंय किंवा घरात दोघं जण देताहेत. आई सकाळी देते आणि आजी संध्याकाळी, दोघींनाही एकमेकींचं ठाऊक नसतं. द्यायचं काम एकीनेच घ्यावं.

बाटली चुलीजवळ किंवा उन्हाच्या फळीवर नको, खोक्यातच राहू द्या. पावसाळ्यात बाळ होणार असेल तर आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधी भरायच्या, सामानात दोन बाटल्या भरून ठेवा. रस्ता खचला किंवा खाडीवरची तर (होडी) बंद पडली की तालुक्याला जाणं आठवडाभर राहतं.

साठ हजारांची पुडी

घरोघरी असणाऱ्या एका पुडीबद्दल वेगळं सांगणं जरुरीचं आहे. मोठ्यांसाठी व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी, कॅप्सूल किंवा छोटी बाटली मिळते. कमतरता निघाली तर डॉक्टर बहुधा आठवड्यातून एक, असे आठ आठवडे देतात. ती आईची आहे. ६०,००० युनिट म्हणजे बाळाचा १५० दिवसांचा डोस. छोट्या बाटलीतलं गोडसर औषध बाळाचंच समजून पाजल्याचे प्रसंग घडतात. आईची औषधं वेगळ्या डब्यात, वेगळ्या फळीवर ठेवा आणि डब्यावर मोठ्या अक्षरात ‘आईची’ लिहा.

सहा महिन्यांपर्यंत रोज १,००० युनिट आणि पुढे वर्षापर्यंत १,५०० युनिट ही वरची मर्यादा मानतात. एखाद्या दिवशी चुकून दोनदा दिलं गेलं तर घाबरू नका. आठवडेच्या आठवडे जास्त गेलं, किंवा मोठी पुडी पोटात गेली, तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं: बाळ पीत नाही, ओकतं, शी कडक होते, लघवी खूप होते, मलूल पडतं. खोकं घेऊन त्याच दिवशी दवाखान्यात जा.

आईचं काय

सरकारी कार्यक्रमात गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज मिळतात. प्रत्येक गोळीत ५०० मि.ग्रॅ. कॅल्शियम आणि २५० युनिट व्हिटॅमिन डी असतं. उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे मागून घ्या आणि जेवणासोबत घ्या. लोहाची गोळी त्याच वेळी नको, निदान दोन तासांनी. एकत्र घेतल्या की कॅल्शियम लोहाला रक्तात जाऊ देत नाही.

या गोळ्यांतले ५०० युनिट आईच्या हाडांना हवेत, पण त्यांनी दुधातलं प्रमाण बाळाला पुरेल इतकं वाढत नाही. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आईला रोज ६,४०० युनिट दिल्यावर बाळाची पातळी थेट ड्रॉप्स घेणाऱ्या बाळांएवढी झाली. मार्ग आहे, पण डोस मोठा आहे, तो रोज घ्यावा लागतो आणि डॉक्टरांच्या नजरेखालीच. आठवड्याच्या पुडीने दुधातलं प्रमाण थोडे दिवस चढतं आणि उतरतं. म्हणून ‘मी पुडी घेते, बाळाला ड्रॉप्स नकोत’ हे स्वतःच ठरवू नका. बाळाला थेट ड्रॉप्स देणं सोपं आणि खात्रीचं आहे.

सव्वा महिना झाल्यावर ऊन असेल त्या दिवसांत आईने अकरा ते एकच्या दरम्यान पंधरा ते तीस मिनिटं खळ्यात बसावं. हात कोपरापर्यंत, पाय पोटरीपर्यंत उघडे. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. बाळाला तेवढा वेळ सावलीत आजीकडे द्या. बाळंतिणीला बांगडा-तारली बाधते असं काही घरांत मानतात. ताजी, नीट शिजवलेली मासळी बाळंतिणीने खायला हरकत नाही. मासे न खाणाऱ्यांना अंड्याच्या बलकातून थोडं मिळतं, एका बलकात साधारण ४० युनिट. नाचणीची भाकरी, आंबील आणि तीळ भरपूर कॅल्शियम देतात, व्हिटॅमिन डी नाही. दोन्ही हवीत, एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही.

रक्त तपासायचं का?

धडधाकट बाळाची तपासणी लागत नाही. ४०० युनिट तपासणीशिवायच द्यायचे असतात. आईला अंग दुखणं, कंबर-मांड्या दुखणं, जिना चढताना जोर न लागणं असा त्रास असेल, आधीच्या बाळाला मुडदूस किंवा आकडी आली असेल, तर आईची तपासणी करून घ्यावी. चाचणीचं नाव ‘२५ हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ असं असायला हवं. अहवालात नॅनोग्रॅममध्ये २० च्या वर असेल तर पुरेसं, १२ ते २० अपुरं, १२ च्या खाली कमतरता. काही अहवालांवर ३० च्या खालचं सगळं ‘अपुरं’ छापलेलं असतं, तेवढ्यावरून घाबरून बाळाचा डोस वाढवू नका. एकक नॅनोमोल असेल तर आकड्याला अडीचने भागा.

काय दिसलं तर थांबायचं नाही

पहिल्या दोन-तीन महिन्यांत कमतरता बहुधा हाडांत दिसत नाही, रक्तातलं कॅल्शियम उतरल्याने दिसते: ताप नसताना आकडी येणं, हात-पाय थरथरणं, हात धरला तरी थरथर न थांबणं. आकडी आली तर बाळाला कुशीवर वळवा, कपडे सैल करा, तोंडात काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, घड्याळ पाहा आणि १०८ ला फोन करा. डॉक्टरांना ‘अंगावर पितं, व्हिटॅमिन डी देत नव्हतो’ किंवा ‘इतकं देत होतो’ हे आपणहून सांगा. त्यावरून ते कॅल्शियम लगेच तपासतात.

सहा महिन्यांनंतर मनगटं रुंद, दुहेरी दिसणं, छातीवर बरगड्यांच्या टोकांना मण्यांसारखे उंचवटे, मान किंवा बसणं उशिरा, पुन्हापुन्हा न्यूमोनिया, चालायला लागल्यावर पाय धनुष्यासारखे वाकणं, ही मुडदुसाची लक्षणं. टाळू मात्र दीड वर्षापर्यंत उघडी असू शकते, एकट्या टाळूवरून काही ठरवू नका. खात्री मनगटाच्या एक्स-रेने आणि रक्ताच्या तपासणीने होते. वर्षाच्या आतल्या बाळाला मग साधारण २,००० युनिट रोज, निदान तीन महिने, सोबत कॅल्शियम, आणि नंतर परत ४०० अशी उपचाराची पद्धत आहे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला एकदम मोठा डोस देत नाहीत. कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाचं माप वेगळं असू शकतं, त्याला कॅल्शियम आणि फॉस्फरसही लागतं. ते बालरोगतज्ज्ञच ठरवतील.

आशाताई घरी येतात त्या भेटींत, आणि सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या लसीला जाताना बाटली सोबत न्या आणि ड्रॉपर भरून दाखवा. ‘किती देता?’ या प्रश्नाला ‘ड्रॉपरभर’ असं उत्तर दिलं तर कुणालाच काही कळत नाही. बाटली पाहिली की कळतं. सहा महिन्यांनी पेज, नाचणी, वरणभात सुरू झाला तरी ड्रॉप्स चालू राहतात, कारण या कशातच व्हिटॅमिन डी नाही. वर्ष पूर्ण झालं की गरज ६०० युनिटवर जाते. नऊ महिन्यांच्या लसीच्या वेळीच पुढचं माप विचारून लिहून घ्या.